साळवे सरांची सही

गौतम सोपान साळवे. सही अशीच, पूर्ण नावाची. देवनागरीत, एकेक अक्षर सुटं, शाळेच्या पाटीवर लिहावं तसं. आमच्या केंद्रात बाकीच्यांच्या सह्या म्हणजे एक उभी रेघ, एक वेटोळं आणि खाली दोन ठिपके. माझी सही तर मलाच दुसऱ्यांदा तशी जमत नाही. मी एकदा म्हटलं, “सर, एवढं लांबलचक नाव कशाला लिहीत बसता? छोटी सही करा की.” ते म्हणाले, “मॅडम, सही वाचता आली पायजे. न वाचता येणारी सही म्हंजे पळून जायची वाट.” मी हसले. तेव्हा ते मला हसण्यासारखंच वाटलं होतं.

मी बारामतीत ज्या प्रशिक्षण केंद्राची समन्वयक आहे, ते एका भागीदारीतून उभं राहिलेलं आहे. सोलर बसवणाऱ्या काही कंपन्या, एक-दोन कारखान्यांची वीजघरं आणि आसपासची कॉलेजं एकत्र आली आणि ठरलं, की बारामती-इंदापूरच्या मुलामुलींना ऊर्जेच्या कामाचं शिक्षण द्यायचं आणि इथंच नोकरीला लावायचं. भागीदार बरेच होते आणि प्रत्येकाला बॅनरवर आपलं नाव वरती हवं होतं. शिकवायला माणूस मात्र एकच मिळाला, तोही वीज खात्यातून निवृत्त झालेला. रोज इंदापूरहून एसटीनं यायचा, डबा पिशवीत आणि पिशवी मांडीवर.

सर अंगानं बारके, काळेसावळे, केस अगदी कापलेले. अंगावर धातू नावाची वस्तू नाही. घड्याळ नाही, कडं नाही, पट्ट्याचं बक्कलसुद्धा नाही, पँट नाडीची. लग्नातली अंगठी नोकरीच्या पहिल्या दिवशी काढून घरात खुंटीला अडकवली, ती तिथंच राहिली. त्यांच्या पत्नी एकदा केंद्रावर आल्या होत्या, तेव्हा मला म्हणाल्या, “आमचं लगीन खुंटीला हाय बगा.” सर शेजारी उभे राहून ऐकत होते. त्यांनी शांतपणे मान डोलावली, कारण माहिती बरोबर होती.

केंद्राच्या उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांचा घाम काढला. आपल्याकडे नवी मशिनरी म्हटली की हळदकुंकू, झेंडूची माळ आणि नारळ आलाच. प्रमुख पाहुणे विजेच्या नव्याकोऱ्या पॅनेलपुढे नारळ हातात घेऊन उभे राहिले, गुरुजींनी पळीभर पाणी शिंपडायला घेतलं, तोच सर मधे येऊन उभे राहिले. म्हणाले, “नारळ त्या उंबऱ्यावर फोडा. पाणी हितं न्हाय.” पाहुण्यांबरोबरच्या एका माणसानं त्यांना बाजूला घ्यायला हात लावला. सर हलले नाहीत. “साहेब, पूजेला माझी ना न्हाय. पण विजेची पूजा कोरडी असती. वीज कुणाची सोयरी न्हाय.” पाहुणे समजूतदार निघाले, उंबऱ्यावर गेले आणि फोटोवाल्यानं पुन्हा सगळी मांडणी केली. मी मात्र दिवसभर मनातून चडफडत होते. आपणच निवडलेल्या माणसानं आपलाच कार्यक्रम असा नासावा, असं मला वाटत होतं.

शिकवण्याची त्यांची एक रीत होती. तिला पोरं ‘चहाचा सापळा’ म्हणायची. सकाळी पॅनेल बंद करून, टेस्टरनं तपासून काम सुरू व्हायचं. मधे चहाची सुट्टी. पोरं बाहेर कट्ट्यावर गेली, की सर मागच्या मागे एखादा स्विच चालू करून ठेवायचे. सराव-पॅनेलला जीव घेणारी वीज नसायची, नुसता भोंगा जोडलेला होता. चहा पिऊन आलेल्या पोरानं पुन्हा न तपासता हात घातला, की भोंगा वाजायचा. वर्ग हसायचा, सर हसायचे नाहीत. “चहा पिऊन आलात म्हंजे नव्या गावात आलात,” ते म्हणायचे. “मघाशी बंद हुतं, हे आता कुणी सांगितलं तुमाला?” भोंगा वाजला, की त्या पोराचा तो दिवस शून्य. कोर्सच्या शेवटच्या आठवड्यात ज्याचा भोंगा वाजला, त्याला सही नाही.

आणि सही करण्याचीही रीत होती. ते गठ्ठ्यानं सह्या करत नसत. एकेका पोराला आत बोलवायचं, समोरच्या खुर्चीवर बसवायचं, मग हात धुऊन यायचं, पुसायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत सही करायची. पहिल्या बॅचला यात अख्खा दिवस गेला. मी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वडील उसाच्या कामावर मजूर, आयुष्यभर मस्टरवर अंगठा उमटवलेला. त्यांच्या पिढीनं बुद्ध धम्म स्वीकारला, वस्तीवर वर्ग सुरू झाले आणि केस पिकायला लागल्यावर सोपानराव सही शिकले. त्यानंतर नाव लिहायचं असलं की आधी हात धुऊन यायचे. “मला वाटायचं, म्हाताऱ्याचं खूळ हाय,” सर म्हणाले. “मी स्वतः पहिल्यांदा दुसऱ्यासाठी सही केली, तवा कळलं.” एवढंच बोलून ते हात धुवायला गेले.

इंदापूरला आम्ही ‘ऊर्जा करिअर मेळावा’ घेतला. मी मंचावरून उज्ज्वल भवितव्य, हरित रोजगार वगैरे बोलत होते आणि मला ते चांगलंही जमतं. खाली बायाबापड्या मात्र सरांना घेरून उभ्या होत्या. सर त्यांना सांगत होते, “पगार सुरवातीला बेताचा. उन्हात काम, पत्र्यावर चढायचं काम. कंबर धरती.” मी खाली उतरून त्यांना हळूच म्हटलं, “सर, आपण मुलं जमवायला आलोय, पळवायला नाही.” ते म्हणाले, “ऐकून बी जे येतील, ते टिकतील.”

त्या घोळक्यात भवानीनगरच्या अलीकडच्या वस्तीवरचे एक आबा होते. धोतर, टोपी, हातात सुनेच्या मार्कलिस्टची पिशवी. सून वैशाली मागे उभी होती. विज्ञान शाखेची बारावी, तीन वर्षांचं मूल, आणि नजर थेट मांडून ठेवलेल्या सोलरच्या प्लेटांवर. आबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. सरांनाच विचारलं, “लेकीसारखी हाय. पाठवू का?”

“पाठवा. पण तयार झाली असं मी म्हनंन, तवाच ती कामावर जाईल. त्याआधी न्हाय.”

“मग तुमच्या सहीवर पाठवतो,” आबा म्हणाले. कसलं फॉर्म भरणं नाही, काही नाही. ते सरांच्या हातावर हात ठेवून निघून गेले.

वैशाली वर्गात पहिली आली नसती तरच नवल. जोडणी सुबक, आकडेमोड तोंडपाठ, शिडीवर चढताना पोरांच्या पुढे. त्या बॅचमधली ती एकटीच बाई, त्यामुळे भागीदारांपैकी जो येई तो तिच्याबरोबर फोटो काढून घेई. पिवळं हेल्मेट घातलेला तिचा हसरा फोटो आम्ही मोठ्या बॅनरवर छापला. तिची खोड एकच होती, घाई. सासरचं सगळं आटोपून यायची, मूल शेजारणीकडे ठेवलेलं असायचं, डोकं कायम पुढच्या कामावर. शेवटच्या आठवड्यात चहानंतर तिचा भोंगा दोनदा वाजला.

सरांनी तिला समोर बसवून सांगितलं, तीन आठवडे थांब. मलाही येऊन सांगितलं, “हात सोन्याचा हाय पोरीचा. फक्त थांबायला शिकायचं राह्यलंय. तीन आठवडे द्या.” बाकीच्या सगळ्यांच्या सह्या त्यांनी पूर्ण केल्या आणि ते नरसिंहपूरला गेले. तिथं त्यांच्या बहिणीच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं, चार दिवस घरात माणूस हवं होतं.

प्रमाणपत्र वाटप त्याच चार दिवसांत होतं. सगळे भागीदार येणार होते, बॅनर मंचामागे लागला होता आणि बॅनरवरची बाईच प्रमाणपत्र घ्यायला नाही, म्हणजे नवरीशिवाय लग्न. त्यात एका सोलर कंपनीनं तिला नोकरी देऊ केलेली. मी स्वतःला समजावलं, की दोनदा भोंगा वाजला म्हणून काय झालं, एवढी हुशार मुलगी आहे. कॉम्प्युटरवर सरांच्या सहीची एक प्रत होती, नमुन्याच्या प्रमाणपत्रासाठी मीच कधीतरी स्कॅन केलेली. ती उचलून वैशालीच्या प्रमाणपत्रावर चिकटवायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. सही जराशी तिरकी बसली. प्रिंटर चालू होता, मी छापून टाकलं.

सर परत आले त्या दिवशी माझ्या खोलीत येऊन त्यांनी दार लावून घेतलं. एरवी ते कधी दार लावत नसत.

“वैशालीचा फोन आला हुता,” ते म्हणाले. “सही केली म्हणून आभार मानत हुती. कामावर रुजू झाली म्हणाली. आबांनी वस्तीत पेढे वाटले म्हणं.”

माझ्या तोंडून एवढंच निघालं, “मग तुम्ही काय म्हणालात?”

“शाबास म्हणालो.”

मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होते. ओरडले असते तर मला उलट उत्तर देता आलं असतं, माझ्याकडे उत्तरं तयार होती. ते हळू आवाजात म्हणाले, “तिला माघारी बोलवा. कंपनीला सांगा, अजून एक कोर्स हाय. तीन आठवड्यांत मी तयार करतो. कुणाला काय कळायचं कारण न्हाय.”

मी म्हटलं, “सोमवारी बोलावते.”

सोमवारी आढाव्याची टीम आली. नंतर मी दोन दिवस रजेवर गेले. परतले तर टेबलावर चिठ्ठी होती, त्या सुट्या सुट्या अक्षरांत एकच शब्द, ‘वैशाली?’ मी ती ड्रॉवरमध्ये टाकली. काही दिवसांनी तशीच दुसरी चिठ्ठी आली. मी फोन उचलला, कंपनीच्या माणसाला काय सांगायचं ते मनात जुळवलं, तेवढ्यात दुसरा फोन आला आणि राहून गेलं. राहून गेलं, असं मी इतकी वर्षं म्हणत आले. खरं तर मला अवघडल्यासारखं वाटत होतं आणि मी टाळत होते.

इंदापूरच्या बाजूला एका गोदामाच्या छतावर सोलर बसवण्याचं काम चालू होतं. सकाळी वैशालीनं खालचं पॅनेल बंद केलं, तपासलं, निम्मी जोडणी केली. मग जेवणाची सुट्टी झाली. सुट्टीत कुणीतरी दिवे लागत नाहीत म्हणून खालच्या पॅनेलचा स्विच चालू केला. ती जेवून आली आणि राहिलेल्या कामाला तिनं तसाच हात घातला. जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि तळवा भाजला.

चौकशी समिती आमच्याच बैठकीच्या खोलीत बसली. तीन माणसं टेबलापलीकडे, सर अलीकडे आणि कोपऱ्यात मी, कारण इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. अध्यक्षांनी वैशालीचं प्रमाणपत्र सरांपुढे सरकवलं आणि विचारलं, “ही सही तुमची आहे?”

सरांनी चष्मा लावला. कागद उचलून नीट पाहिला. ती सही त्यांनी तेव्हा पहिल्यांदाच पाहिली. मी वहीवर पेन टेकवून बसले होते.

“व्हय, सही माझी हाय,” ते म्हणाले.

“दोनदा नापास झालेल्या उमेदवाराला तुम्ही पास केलंत?”

“सही माझी हाय,” ते पुन्हा म्हणाले. त्यापुढे एकाही प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही. मी वहीत लिहिलं, ‘प्रशिक्षकांनी सही मान्य केली.’ माझ्याच अक्षरात लिहिलेलं ते वाक्य अजून त्या फायलीत आहे.

त्यांना केंद्रावरून कमी केलं. जिन्यात मी त्यांना गाठलं आणि ‘सर’ एवढंच म्हणाले. ते म्हणाले, “बाकीच्या पोरांचं बगा,” आणि पिशवी घेऊन स्टँडकडे गेले. त्यावरून मी माझ्यापुरता अर्थ लावून घेतला. एक सही खोटी ठरली असती, तर अख्ख्या बॅचच्या प्रमाणपत्रांवर संशय आला असता, लागलेल्या नोकऱ्या गेल्या असत्या. सरांनी पोरांसाठी त्याग केला, असं मी ठरवून टाकलं. हा अर्थ मला फार सोयीचा होता. त्यागाला वंदन केलं की आपलं काम संपतं.

वैशालीच्या घरी जायला मला सात-आठ महिने लागले. सफरचंदांची पिशवी घेऊन गेले, तर ओट्यावर सर बसलेले. दर आठवड्याला दोनदा ते एसटीनं तिच्याकडे येत होते. कारखान्यांच्या वीजघरात कंट्रोल रूमचं काम असतं, त्याला बोटांपेक्षा डोकं लागतं, त्याच्या परीक्षेची तयारी ते तिच्याकडून करून घेत होते. पुढ्यात वीजघराचे नकाशे पसरले होते आणि ती डाव्या हातानं त्यांवर खुणा करत होती.

मला पाहून आबा म्हणाले, “या मॅडम. बसा.” चहा आला. आबा सरांच्या देखतच मला म्हणाले, “सर येत्यात, शिकवत्यात, उपकार हायेत. पण मी सगळ्यांम्होरं बोलून दावतो. ह्यांनी सही केली नसती, तर माझ्या पोरीचा हात राह्यला असता.”

“व्हय आबा,” सर म्हणाले. “चुकलं.”

ते ज्या सवयीनं बोलले, त्यावरून मला कळलं, की हे दर आठवड्याला दोनदा चालतं. मी कप खाली ठेवला, उशीर होतोय म्हणाले आणि उठले.

वैशाली गाडीपर्यंत आली. बँडेज निघालं होतं, उजवा हात तिनं पदराखाली ठेवला होता. ती म्हणाली, “मॅडम, सरांनी मला सहीला समोर बसवलंच न्हवतं. बाकीच्यांना बसवलं हुतं. मला तवाच कळायला पायजे हुतं. कळलं बी हुतं थोडं. पण मला नोकरी पायजे हुती, म्हणून मी इचारलं न्हाय.” मी गाडीचं दार उघडलं. ती पुढे म्हणाली, “मी आबांना सांगाय गेले, तर सरांनी मला गप केलं. आता तुमी बगा.”

मी परत ओट्यावर गेले. उभ्या उभ्याच म्हणाले, “आबा, ती सही सरांची नाही. सर तेव्हा नरसिंहपूरला होते. मी कॉम्प्युटरवरून चिकटवली. तिला परत बोलवा म्हणून ते माझ्यामागे लागले होते, ते मी केलं नाही.”

आबा माझ्यावर चिडले नाहीत. ते सरांकडे वळले आणि म्हणाले, “मग तुमी इतके दिवस ऐकून का घेतलं?”

सर नकाशाची घडी घालत होते. घडी पूर्ण करून म्हणाले, “पोरीनं आनंदानं फोन केला, तवा मला सांगता आलं असतं, की बाळ, मी सही केली न्हाय. मी शाबास म्हणालो. त्या टायमाला ती सही माझीच झाली, आबा.”

म्हणजे पोरांसाठीचा त्याग वगैरे काही नव्हतं. त्यांनी समितीपुढे त्यांना खरं वाटलं तेच सांगितलं होतं. एका शब्दापुरती त्यांची चूक होती आणि तेवढ्यासाठी त्यांनी सगळंच अंगावर घेतलं. माझी चूक किती होती, ते मला ठाऊक होतं आणि मी वही घेऊन कोपऱ्यात बसले होते.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग मला विचारलं, “हे समितीला कवा सांगणार तुमी?”

मी तोंड उघडायच्या आत सरच म्हणाले, “त्या न्हाय सांगणार. सांगून आता बाकीच्या पोरांचं वाटोळं हुईल. मलाच नको हाय ते.”

त्यांनी माझी बाजू घेतली होती. मी नाही म्हणायला हवं होतं, निदान माझं मी बघेन एवढं तरी. मी काही म्हणाले नाही. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं मला खरोखरच हलकं वाटलं, आणि आज एवढी वर्षं ज्याची लाज वाटते, ते तेच हलकं वाटणं आहे.

त्यानंतर सर मला भेटले नाहीत. मी भेटायला गेले नाही, असं म्हणणं जास्त खरं आहे. त्या दिवशी गाडी वळवताना मी ओट्याकडे पाहिलं. त्यांनी घडी घातलेला नकाशा पुन्हा उघडला होता आणि वैशालीच्या डाव्या हातातल्या पेन्सिलीकडे ते वाकून बघत होते. आबांनी हात वर केला. सरांनी मान वर केली नाही. धडा मधेच राहिला होता.